'फा' : पाण्यासारखा समतल कायदा?

चिनी भाषेत कायद्याला 'फा' म्हणतात. या अक्षरात पाण्याची खूण आहे. जुन्या रूपात एक दंतकथेतला प्राणीही होता. इ. स. १०० च्या सुमारास शू शेन या कोशकाराने फोड केली : पाणी म्हणजे समतल, आणि तो प्राणी वाकडे वागणाऱ्याला ढुशी देऊन हटवतो.

मोझीच्या ग्रंथात 'फा' म्हणजे माप, कारागिराच्या गुण्या-ओळंब्यासारखे. हान फेईने (मृत्यू इ. स. पू. २३३) कायदा उमरावापुढे वाकू नये, असे बजावले. वर्ण पाहून शिक्षा ठरवणाऱ्या मनुस्मृतीशेजारी हा विचार ठेवून बघा! पण आम्ही त्यावर भुलत नाही. तो कायदा राजाने करायचा, प्रजेने फक्त पाळायचा.

पुढे बौद्ध भाषांतरकारांनी 'धम्म' या शब्दासाठी हेच अक्षर घेतले. प्रवासी भिक्खू फाहियान यांच्या नावातला 'फा' तोच. चांडाळांना नगरात शिरताना लाकूड वाजवावे लागे, ही त्यांची नोंद बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधताना तपासली.

मित्रांनो, पाणी आपोआप समतल होते, कायदा होत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली महाडचा संगर करावा लागला. ओळंबा आपल्याच हाती हवा.