बिडाच्या भांड्याचा तळ

वाचकहो, आपल्या माळ्यावर आजेसासूबाईंचा बिडाचा तवा पडून असेल, तर भंगारात देण्यापूर्वी तो पालथा करून पाहा. ओतीव भांड्याची ओळख तळावरून पटते. ही विद्या विलायती भांड्यांवर उत्तम शिकता येते.

इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी यांनी १७०७ साली बिडाचे हंडे वाळूच्या साच्यात ओतण्याचे पेटंट घेतले. तोवर तिकडे चांगले हंडे पितळेचे, अर्थात महाग. बिडाचा हंडा सामान्यांच्या चुलीला परवडू लागला. अशा जुन्या हंड्यांच्या तळाला पुष्कळदा एक उंच रेघ असते. तेथून रस ओतला, थिजल्यावर वरचा तुकडा तोडला, त्याचा हा वण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत मागे पडली. पुढे अमेरिकेतील एरी येथील ग्रिस्वोल्डसारखे कारखाने तळावर आपले नाव उमटवीत. संग्राहक नावाला भुलतात. मला तो निनावी वण जास्त मोलाचा वाटतो.

तेव्हा तळाला कानस लावू नका. भांडे आगीतही टाकू नका. बीड वाकते, तडकते. गंजाला निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर अर्धा तास पुरे. लगेच धुऊन, कोरडे करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तापवावे.

आता डॉक्टर म्हणून एक सांगतो. जुन्या हंड्यांत कधीकधी गोळ्यांसाठी शिसे वितळवीत. त्यामुळे पूर्वपीठिका ठाऊक नसलेल्या भांड्याची शिशासाठी तपासणी करून घ्या. शिसे आढळल्यास ते कपाटात शोभेला ठेवा. त्यात आमटी शिजवू नका.