मोटारीचें ‘ॲव्हरेज’ : एका आंकड्याचा इतिहास

आमच्या खानदेशांत कोणीं नवी मोटार दारीं आणून उभी केली, कीं भोंवतीं जमलेली मंडळी पेढा हातांत घेतां घेतां पहिला प्रश्न विचारतात : ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ गाडीचा रंग, तिची किंमत, तिच्यांतील गारव्याची सोय हीं सारीं मागाहून. एका लिटर तेलांत गाडी किती किलोमीटर जाते, याला आपल्या बाजारानें हें नांव देऊन टाकलें आहे. जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसास मात्र या शब्दांत एक सूचना दिसते. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. आणि सरासरी कशाकशाची काढली, हें सांगितल्यावांचून तिला कांहींच अर्थ नसतो.

हें आज सांगण्याचें कारण असें : मध्यंतरीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. त्याला हायब्रिड मोटार, म्हणजे पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर या दोहोंवर चालणारी गाडी, घ्यावयाची होती. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, कागदावर लिटरला अठ्ठावीस किलोमीटर लिहिले आहेत. साध्या गाडीपेक्षां दोन लाख अधिक मोजावयाचे आहेत. नंदुरबारच्या रस्त्यावर हे अठ्ठावीस मिळतील काय?’’ त्याला मीं जें सांगितलें, तेंच आज आपल्यापुढें जरा विस्तारानें मांडतों.

हायब्रिड मोटार ही कालपरवांची कल्पना नव्हे. इ. स. १९०० च्या सुमारास व्हिएन्ना येथील लोनर यांच्या गाड्यांच्या कारखान्यांत फर्डिनंड पोर्शे नांवाचा तरुण यंत्रज्ञ काम करीत होता. विजेवर चालणारी त्याची गाडी चांगली धांवे; परंतु बॅटऱ्या अतिशय जड आणि वीज लवकर संपे. तेव्हां त्यानें गाडींतच पेट्रोलचीं इंजिनें बसवून त्यांच्याकडून डायनॅमो फिरविला व बॅटरीला पाणी नव्हे तर वीज पाजण्याची व्यवस्था केली. त्या गाडीला त्यानें ‘सेंपर व्हिव्हस’, म्हणजे लॅटिनमध्यें ‘सदैव जिवंत’, असें नांव दिलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पोर्शेला पेट्रोल वांचवावयाचें नव्हतें. त्याला गाडी वाटेंत थांबूं द्यावयाची नव्हती. पुढें पेट्रोलचीं इंजिनें सुधारलीं, तेल मुबलक झालें आणि ही जोडगाडीची कल्पना मागें पडली.

तेलाची टंचाई म्हणजे काय, हें आपल्या देशानें दुसऱ्या महायुद्धांत पाहिलें. पेट्रोलवर नियंत्रण आलें, तें कुपनावर मोजून मिळूं लागलें, आणि मोटारींच्या व सर्व्हिस गाड्यांच्या पाठीमागें कोळशाची भट्टी दिसूं लागली. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला म्हणजे एक ज्वालाग्राही वायु निघतो. तो गाळून इंजिनांत सोडावयाचा. गाडी चाले खरी, पण शक्ति उणी पडे. चढ लागला कीं उतारूंनीं खालीं उतरून चालावें, अशा गोष्टी आमच्या वडील मंडळींच्या तोंडून आम्हीं लहानपणीं ऐकल्या आहेत. त्या दिवसांत गाडी किती जाते याहून ती जाते कीं नाहीं, हाच प्रश्न मोठा होता.

जगाला खरा धक्का बसला तो १९७३ सालीं. अरब देशांनीं तेलाचा पुरवठा रोखला व थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं अमेरिकेनें मोटारींच्या काटकसरीसाठीं कायदा केला आणि कोणती गाडी किती तेल पिते, याचे आंकडे सरकारी कसोटीवरून प्रसिद्ध होऊं लागले. ‘ॲव्हरेज’ या आंकड्याला सरकारी शिक्का मिळाला, तो असा.

याच काटकसरीच्या शोधांत पोर्शेची जुनी कल्पना पुन्हां जागी झाली. डिसेंबर १९९७ मध्यें जपानांत टोयोटा कंपनीनें ‘प्रियस’ ही हायब्रिड मोटार विक्रीस आणली. पुढें सातच महिन्यांनीं, १ जुलै १९९८ रोजीं, धुळ्यापासून निराळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा अस्तित्वांत आला. तेव्हां ही मोटार आणि आपला जिल्हा हीं जवळजवळ पाठचीं भावंडेंच म्हणावयाचीं.

या गाडींत पेट्रोल वांचतें तें कसें? सायकलीच्या चाकाला लागणारा दिव्याचा डायनॅमो ज्यांनीं वापरला असेल, त्यांना आठवत असेल कीं तो चाकाला टेकविला म्हणजे पायडल जड होई. चाकाची गति थोडी कमी होई आणि तिच्या मोबदल्यांत दिवा लागे. हायब्रिड गाडीचा वेग कमी करतांना तिची विजेची मोटर नेमकी अशीच डायनॅमो बनते. साध्या गाडींत ब्रेक दाबला कीं पेट्रोल जाळून मिळविलेली गति उष्णता होऊन वायां जाते; येथें तिचा कांहीं भाग वीज होऊन बॅटरींत जमा होतो. दुसरी बचत अशी, कीं गर्दींत गाडी थांबली किंवा रांगत चालली, म्हणजे इंजिन बंद राहतें. आणि तिसरी म्हणजे, या गाड्यांचें इंजिन बहुधा जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज यंत्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत शोधलेल्या पद्धतीला अनुसरून चालतें. तें थोडें अशक्त, पण मिताहारी असतें. त्याची अशक्तता विजेची मोटर भरून काढते.

यांपैकीं पहिल्या दोन बचती कोठें होतात, तें पहा. ज्या रस्त्यावर वारंवार थांबावें व निघावें लागतें, तेथें. मोकळ्या हमरस्त्यावर ताशीं नव्वद-शंभर किलोमीटर वेगानें गाडी एकसारखी धांवत असेल, तर ब्रेक लागत नाहीं, इंजिन बहुतेक वेळ चालूच असतें आणि हवेचा विरोध तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असतो. म्हणून साध्या मोटारीचें ॲव्हरेज शहरांत कमी व बाहेर अधिक असतें, तर हायब्रिडचें बरेच वेळां याच्या उलट. २००४ सालच्या प्रियसला अमेरिकेच्या सरकारी कसोटींत शहरासाठीं गॅलनला ६० मैल आणि हमरस्त्यासाठीं ५१ मैल असे गुण मिळाले होते. आपल्या मापानें ते लिटरला सुमारें २५.५ व २१.७ किलोमीटर होतात.

परंतु लोकांना हे आंकडे रस्त्यावर मिळेनात. ही तक्रार केवळ हायब्रिडची नव्हती. पण जिच्यासाठीं लोकांनीं अधिक पैसे मोजले, ते काटकसरीसाठींच, त्या गाडीविषयीं ती अधिक बोंचली. अखेर २००८ सालच्या गाड्यांपासून अमेरिकेनें कसोटीच बदलली. अधिक वेग, जलद गति घेणें, वातानुकूलन आणि थंडी यांचा हिशेब तींत धरला. त्याच प्रियसचे जुने आंकडे नव्या रीतीनें मांडतांच शहराचे ६० चे ४८ झाले, हमरस्त्याचे ५१ चे ४५ झाले; एकत्रित आंकडा ५५ वरून ४६ वर, म्हणजे लिटरला सुमारें २३.४ वरून १९.६ किलोमीटरवर आला. गाडी तीच, पेट्रोल तेंच. बदलली ती प्रश्नपत्रिका. सोप्या प्रश्नपत्रिकेचे गुण आणि कठीण प्रश्नपत्रिकेचे गुण एका रांगेंत मांडूं नयेत, हें शाळेंत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतें.

युरोपांतही हेंच घडलें. तेथें २०१७ पासून अधिक कडक कसोटी आली; तरीसुद्धां २०२४ सालीं युरोपीय आयोगानें गाड्यांतील यंत्रांनींच नोंदविलेल्या वापराचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हां पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावर कसोटीपेक्षां २३.७ टक्के अधिक तेल पितात असें दिसलें. ज्या हायब्रिड गाड्यांची बॅटरी घरच्या विजेवर भरावयाची असते, त्यांचा तर कागदावरच्या आंकड्याशीं साडेतीन पटींचा फरक निघाला. कारण ती बॅटरी भरण्याचे कष्ट मालक पुरेसे घेत नव्हते.

आतां आपल्या घरीं येऊं. हिंदुस्थानांत २००८ सालीं होंडा सिव्हिक हायब्रिड आली, २०१० सालीं प्रियस आली. पण त्या बाहेरून आणलेल्या, श्रीमंतांच्या गाड्या होत्या. मध्यमवर्गीय घरांत या मोटारीची चर्चा खऱ्या अर्थानें सुरू झाली ती २०२२ पासून. त्या वर्षीं होंडा सिटीची हायब्रिड २६.५ किलोमीटरचा आंकडा घेऊन आली आणि मारुतीची ग्रँड विटारा व टोयोटाची हायरायडर यांनीं २७.९७ किलोमीटरचा आंकडा जाहीर केला. माझ्या विद्यार्थ्याचे अठ्ठावीस ते हेच.

असे आंकडे ज्या प्रकारच्या प्रयोगशाळांत निघतात, त्यांतील एक नामांकित संस्था आपल्या पुण्यांत आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर आहे. पुणेकर त्या भागाला संस्थेच्याच आद्याक्षरांनीं ओळखतात. तेथें मोटार रस्त्यावर न नेतां फिरत्या रुळांवर उभी करून चालवितात. २०२२ च्या या गाड्या ज्या कसोटीस उतरल्या, ती १,१८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद उणी. आरंभीं शहरासारखें थांबणें-निघणें, नंतर बाहेरच्यासारखा वेग. तोही अधिकांत अधिक ताशीं ९० किलोमीटर. वातानुकूलन बंद. समोर बैल नाहीं, खड्डा नाहीं, चढ नाहीं आणि वैशाखाचें ऊनही नाहीं. यांत लबाडी कांहीं नाहीं. सर्व गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली, तरच त्यांची तुलना करतां येते. चूक होते ती आपण तुलनेच्या आंकड्याला वचन समजतों तेव्हां.

आणि आमच्या जिल्ह्याची प्रश्नपत्रिका तर निराळीच. नंदुरबार गांवांत घरापासून बाजारापर्यंतचें अंतर दोन-तीन किलोमीटर. इंजिन गार असतें, तें तापविण्यासाठीं चालू ठेवावें लागतें, आणि तें तापतें न तापतें तोंच मुक्काम येतो. अशा लहान फेऱ्यांत हायब्रिडची हुशारी पुरती दिसत नाहीं. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेव्हां इंजिन थांबलें तरी गारवा हवाच, तो बॅटरी खातो आणि बॅटरी भरण्यासाठीं इंजिनाला पुन्हां उठावें लागतें. विसरवाडीकडून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता हा बराचसा एकसारख्या वेगाचा. तेथें बचत बेताचीच.

राहिला तोरणमाळचा घाट. विद्यार्थी म्हणाला, ‘‘गुरुजी, उतरतांना तरी सारी वीज फुकट मिळेल!’’ मीं त्याला पाटी घ्यावयास सांगितलें. गाडीचें वजन माणसांसह १,४०० किलो धरा आणि उतार ९०० मीटरांचा धरा. इतक्या उंचीवरून खालीं येतांना सुटणारी ऊर्जा, घरच्या विजेच्या मापानें, सुमारें साडेतीन युनिटें होते. तींतील कांहीं हवेच्या व रस्त्याच्या विरोधांत जाईल. तरी बरीच उरेल. पण या गाडीच्या बॅटरींत मावते किती? पाऊण युनिटाच्या आसपास. ती घाट संपण्यापूर्वींच भरते, आणि उरलेला उतार साध्या गाडीप्रमाणेंच इंजिनाच्या व ब्रेकच्या आधारानें उतरावा लागतो. विहीर भरून वाहूं लागली, म्हणजे पाऊस कितीही पडला तरी सांठा वाढत नाहीं.

येथेंच सरासरीची एक जुनी चूकही सांगून ठेवतों. समजा, ६० किलोमीटरांच्या चढाच्या वाटेनें जातांना लिटरला १५ मिळाले आणि येतांना ३०. पुष्कळ जण बेरीज करून दोहोंनीं भागतात व साडेबावीस सांगतात. पण जातांना पेट्रोल लागलें ४ लिटर, येतांना २ लिटर; १२० किलोमीटरांना ६ लिटर, म्हणजे खरें ॲव्हरेज २०. एकूण अंतराला एकूण तेलानें भागावें; सरासऱ्यांची सरासरी काढूं नये.

आतां दोन लाखांचा हिशेब. पेट्रोलचा भाव सोयीसाठीं शंभर रुपये धरूं. साधी गाडी १५ देते व हायब्रिड प्रत्यक्षांत २० देते असें समजूं. वर्षाला १०,००० किलोमीटर चालविणाऱ्याला पहिल्या गाडीस सुमारें ६६७ लिटर व दुसरीस ५०० लिटर लागतील. बचत १६७ लिटर, रुपये १६,७००. दोन लाख वसूल होण्यास बारा वर्षें हवींत. तोच माणूस मुंबई-पुण्याच्या गर्दींत वर्षाला २०,००० किलोमीटर चालवीत असेल, तर त्याच दरानें सहा वर्षें. आणि गर्दींत फरक याहून मोठा पडत असल्यामुळें कदाचित् त्याहूनही कमी. म्हणजे एकच गाडी एका घरीं शहाणपणाची ठरते आणि दुसऱ्या घरीं हौसेची.

हौसेला माझी हरकत नाहीं. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून येतें. तेव्हां वांचलेला प्रत्येक लिटर देशाच्याही कामीं येतो. पण तो खरोखर वांचला पाहिजे, कागदावर नव्हे. त्याला उपाय एकच, आणि तो एस. टी. च्या प्रत्येक आगारांत फार पूर्वींपासून चालत आला आहे : किती किलोमीटर झाले आणि किती तेल लागलें, याची रोजची नोंद.

मीं विद्यार्थ्याला एक वही दिली. आज घरीं असलेल्या जुन्या गाडीची टांकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहावे. पुन्हां भरतांना लिटर लिहावे. आणि तिसऱ्या रकान्यांत गांव, हमरस्ता कीं घाट तें लिहावें. वर्षअखेरीस आपण किती चाललों व कोठें चाललों हें त्याचें त्यालाच कळेल, आणि कागदावरच्या अठ्ठावीसांपैकीं आपल्या वांट्याला किती येतील याचा अदमास त्यावरून करतां येईल. त्यानें अजून नवी गाडी घेतलेली नाहीं. वहीचीं चार पानें मात्र भरलीं आहेत, आणि त्यांत ‘गांव’ हा शब्द आपल्याला वाटला होता त्याहून फार वेळां आला आहे, असें परवां तो मला सांगत होता.