टोल्किन यांचे एक पान

घरातील मुले राक्षस, चेटकिणी आणि नकाशावर नसलेली राज्ये यांच्या कादंबऱ्या वाचू लागली, की आईवडिलांना काळजी वाटते. मुले तशी कादंबरी लिहू लागली, तर काळजीत भर पडते: अभ्यास बुडेल, श्रद्धाही डळमळेल. अशा पालकांनी जे. आर. आर. टोल्किन यांचे चरित्र अवश्य पाहावे. आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीला वळण देणारा हा लेखक आमरण निष्ठावंत कॅथलिक होता.

टोल्किन यांचा जन्म १८९२ सालचा. वडील लवकर वारले. आई मेबल यांनी १९०० साली इंग्लंडमध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ साली मधुमेहाने त्यांचे निधन झाले. टोल्किन तेव्हा १२ वर्षांचे होते. दोघा पोरक्या भावांचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पत्करले. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापन केलेली हीच ती ऑरेटरी. आई श्रद्धेपायी झिजली, ही जाणीव टोल्किन यांनी जन्मभर जपली.

१९१६ साली सॉमच्या रणभूमीवर त्यांनी मृत्यू जवळून पाहिला. त्या युद्धात त्यांचे दोन जिवलग मित्र गेले. आजारी होऊन परतल्यावर त्यांनी गाँडोलिन या कल्पित नगरीच्या पतनाची कथा लिहिली. अशा लेखनाला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना त्यांनी पुढे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या परीकथांवरील निबंधात उत्तर दिले: तुरुंगातील माणसाला घराची ओढ लागली, तर त्याला दोष का द्यावा? मनुष्य निर्मात्याच्या प्रतिमेत घडला असल्याने तोही आपल्या परीने सृष्टी रचतो, अशी त्यांची धारणा होती. परीकथेतील अनपेक्षित आनंदाची परिपूर्ती त्यांना प्रभूच्या पुनरुत्थानात दिसली.

ही सृष्टी रचणे मात्र सोपे नव्हते. १९३७ च्या डिसेंबरात सुरू केलेली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राध्यापकी, उत्तरपत्रिका आणि चार मुलांचा संसार सांभाळून हे लेखन चालले. काम अपुरे राहील, या धास्तीच्या काळात त्यांनी एक लहान कथा लिहिली. १९४५ च्या जानेवारीत ती ‘डब्लिन रिव्ह्यू’ या कॅथलिक त्रैमासिकात आली. निगल नावाच्या चित्रकाराला एका भव्य झाडाचे चित्र पुरे करायचे असते. पण लंगडा शेजारी सारखा मदत मागतो. शेजाऱ्याच्या आजारी बायकोसाठी निगल भर पावसात डॉक्टरकडे जातो, स्वतः तापाने फणफणतो आणि चित्र अपुरेच राहते. पुढे परलोकीच्या प्रवासात तेच झाड त्याला जिवंत आणि संपूर्ण भेटते, आणि भोवतीची बाग फुलवायला तोच शेजारी सोबतीला येतो. शेजाऱ्याचे नाव आहे पॅरिश, म्हणजे आपल्या शब्दांत धर्मग्राम!

होतकरू कादंबरीकाराने हे ध्यानी धरावे. घरची कामे आणि शेजारधर्म हे लेखनाचे शत्रू नव्हेत. त्यांतूनच लेखकाचे मन घडते. पालकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. मित्र सी. एस. लुईस यांनी वर्षानुवर्षे ऐकून घेतले आणि आग्रह धरला, म्हणूनच आपली कादंबरी पुरी झाली, असे टोल्किन यांनी नमूद केले आहे. आपल्या घरी कोणी वहीत नवे जग रचत असेल, तर उपदेशाआधी त्यातले एक प्रकरण वाचून दाखवायला सांगावे आणि शेवटपर्यंत ऐकावे.