बोर्दोचे बंदर, १८७१ : एका चित्राला इतिहासाचे प्रश्न

एद्वार माने या फ्रेंच चित्रकाराचे ‘बोर्दोचे बंदर’ हे १८७१ मधले तैलचित्र इंटरनेटवर सहज सापडते. पुढे वाचण्याआधी ते एकदा पडद्यावर मोठे करून पाहा. समोर धक्का आहे, त्यावर मालाची पिंपे आहेत. मागे जहाजांच्या डोलकाठ्या आणि दोरखंड यांची एवढी दाटी की नदीचे पाणी त्यांच्यामधूनच दिसते. त्याही पलीकडे क्षितिजावर सेंट आंद्रे कॅथीड्रलचे जोडमनोरे दिसतात, तेही जणू दोन डोलकाठ्याच. चित्रात कसलीही घटना नाही.

आता तारीख लक्षात घ्या. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात पॅरिसला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा पडला होता. २८ जानेवारी १८७१ ला तहकुबी झाली. माने स्वतः नॅशनल गार्डच्या तोफखान्यात होता. वेढ्यातल्या पॅरिसमध्ये लोकांनी घोडे, मांजरे, उंदीरसुद्धा खाल्ले. दक्षिणेला पाठवलेल्या बायकोला तो पत्रे लिही आणि ती फुग्यातून शहराबाहेर जात. वेढा उठल्यावर तो कुटुंबाकडे गेला आणि तिथून फेब्रुवारीच्या अखेरीस काही दिवस बोर्दोला आला. नवी राष्ट्रीय सभा तेव्हा याच शहरात, तिथल्या मोठ्या नाट्यगृहात भरत होती. १ मार्चला तिने तहाच्या अटी मान्य केल्या : अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीला, शिवाय ५०० कोटी फ्रँकची खंडणी. आणि त्या नाट्यगृहापासून पायी फार तर वीस मिनिटांवर, शार्त्रों धक्क्यावरच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावरून, मानेने पिंपे आणि डोलकाठ्या रंगवल्या.

परीक्षेत अशा चित्रावर ‘तत्कालीन समाजाचे वास्तव दर्शन’ असे लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे आहे. त्याने काहीच हाती लागत नाही. चित्राला नेमके काय विचारता येईल, ते आधी ठरवावे लागते.

मी अभियांत्रिकीचा माणूस, म्हणून जहाजांपासून सुरुवात करतो. बोर्दो समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, गारोन नदीच्या चंद्रकोरीसारख्या वळणावर वसले आहे. १८२२ मध्ये तिथे १७ कमानींचा दगडी पूल झाला. उंच डोलकाठीचे जहाज त्याखालून जाणे शक्य नव्हते, त्यामुळे समुद्रावरून येणारी जहाजे पुलाच्या अलीकडेच नांगरत. ही दाटी अशी घडलेली आहे. वाफेच्या इंजिनाने शिडे मोडीत काढली, हे आपण एका वाक्यात शिकतो. प्रत्यक्षात ते काम काही दशके चालले. इंजिन आणि कोळसा मालाचीच जागा खात, वारा मात्र फुकट होता. ब्रिटनच्या व्यापारी ताफ्यातही आगबोटींचा टनभार शिडाच्या जहाजांपुढे गेला तो १८८० च्या दशकात. म्हणजे १८७१ मधले हे दृश्य जुनाट नाही, अगदी चालू काळातले आहे.

पण इथे एक पाचर आहे. त्या काळच्या बहुतेक आगबोटींनाही डोलकाठ्या असत. तेव्हा डोलकाठी दिसली की शिडाचेच जहाज, असे म्हणता येत नाही. मानेने तर त्या एकमेकींत मिसळून टाकल्या आहेत, मोजायला गेलात तर फसाल. जहाजांची संख्या हवी असेल तर बंदराच्या नोंदवह्या पाहाव्या लागतील. धक्क्यावरून माणसाच्या नजरेला ती दाटी कशी वाटे, ते मात्र कुठल्याही नोंदवहीत मिळणार नाही.

उरतो अवघड प्रश्न : देश तुटत असताना हा माणूस बंदर का रंगवतो? पळवाट, असे काहींना वाटेल. मला ते पटत नाही. माने सोळा वर्षांचा असताना नौदलात जाण्याच्या उमेदीने जहाजावरून रिओ दि जानिरोला जाऊन आला होता. नौदलाच्या परीक्षेत तो नापास झाला आणि मग चित्रकार झाला. डोलकाठ्या, दोरखंड ही त्याच्या ओळखीची गोष्ट होती. शिवाय जे समोर दिसते तेच रंगवायचे, हा वास्तववाद्यांचा आग्रह. पराभव डोळ्यांना दिसत नाही, पिंपे दिसतात. आणि पिंपे धक्क्यावर आहेत याचा अर्थ माल हलतो आहे. भुकेल्या शहरातून आलेल्या माणसाला ते साधे वाटले असेल, असे मी मानत नाही.

तुलनेसाठी कुर्बे पाहा, वास्तववादाचा अध्वर्यू. तो पॅरिसमध्येच राहिला, त्या वसंतात पॅरिस कम्यूनमध्ये निवडून गेला आणि पुढे तुरुंगात पडला. माने कम्यूनमध्ये नव्हता. पण मे महिन्यात सैन्याने कम्यून चिरडल्यानंतर त्याने ‘यादवी युद्ध’ नावाचे शिळाछापाचे चित्र केले. त्यात मोडलेल्या अडथळ्याच्या दगडांपाशी नॅशनल गार्डचा एक सैनिक मरून पडला आहे. ते १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोर्दोचे चित्र आणि हे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहा.