दाताच्या मुळातली भेग दिसायला लागली कशी?

आजचा एपिसोड माझ्या आईच्या दाढेपासून सुरू होतो आणि जर्मनी, अमेरिका, इटली, जपान असा फिरून परत दाढेवरच येतो.

आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल काही वर्षांपूर्वी झालं होतं, वर कॅप होती. मागच्या पावसाळ्यात हिरडीवर एक छोटी पुळी आली. फुटायची, बसायची, परत यायची. डेंटिस्टने दोन वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढले. मुळापाशी थोडी काळपट सावली होती, पण भेग कुठेच नाही. ते म्हणाले, "मुळाला उभा तडा गेला असावा असं वाटतंय. सीबीसीटी करून बघू." आईचा लगेच प्रश्न, "अगं, आधीच दोन झाले. आता अजून किती किरणं घालायची डोक्यात?"

प्रश्न बरोबर होता. आणि दुसऱ्या बाजूलाही बरंच काही होतं. मुळाला उभा तडा असेल, तर दात बहुतेक वेळा काढावाच लागतो. नसेल, तर परत रूट कॅनल करून वाचू शकतो. म्हणजे चुकीचं वाचलं तर चांगली दाढ जाणार. त्या रात्री मी वाचायला बसले.

आता थोडं मागे जाऊया. ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतल्या व्ह्यूर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला एक्स-रेचा शोध लागला. डिसेंबरअखेर त्याचा निबंध आला आणि जानेवारी १८९६ मध्येच ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची प्लेट तोंडात धरून तो तब्बल २५ मिनिटं किरणांसमोर बसला होता. आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने रुग्णांच्या दातांचे एक्स-रे सुरू केले. माणूस हुशार. १८९९ मध्ये मुळाच्या नळीत शिशाची तार घालून एक्स-रेवर त्याने बघितलं की तार कुठपर्यंत पोचलीय. आजही रूट कॅनल करताना बारीक फाइल आत ठेवून एक्स-रे काढतात ना, कल्पना तीच. पण ट्यूब नीट चालतेय का, हे तपासायला केल्स स्वतःचा हात किरणांसमोर धरायचा. वर्षानुवर्षं. हाताला कॅन्सर झाला. आधी बोटं गेली, मग हात गेला. १९२८ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

खरं वाईट हे, की धोक्याची सूचना आधीच दिलेली होती. बॉस्टनमध्ये विल्यम रॉलिन्स नावाचा डॉक्टर होता, दंतवैद्यही होता. १९०१ मध्ये त्याने गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की नुसत्या एक्स-रेने प्राणी मरू शकतो. त्याने उपायही सांगितले : ट्यूब शिशाच्या पेटीत ठेवा, डोळ्यांवर शिशाच्या काचेचा चष्मा लावा, आणि जो भाग बघायचाय तेवढ्यावरच किरण पडू द्या. तेव्हा फार कमी लोकांनी ऐकलं. हा तिसरा उपाय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची काही दशकं फिल्म सुधारल्या, वेळ कमी झाला. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयें याने फिल्मच्या जागी सेन्सर आणला. त्याचं नाव रेडिओव्हिजिओग्राफी. आपल्याकडचे डेंटिस्ट आजही "एक आरव्हीजी काढू" म्हणतात, ते हेच. डोस आणखी उतरला. पण मूळ अडचण तशीच राहिली, कारण ती डोसची नव्हती, भूमितीची होती.

समजा जुन्या लाकडी दाराला बारीक फट आहे. डोळा, फट आणि पलीकडचा दिवा एका रेषेत आले, तरच उजेड दिसतो. जरा बाजूला सरकलं की दार अख्खंच्या अख्खं. साध्या एक्स-रेत तेच होतं. किरण भेगेच्या प्रतलात, जेमतेम काही अंशांच्या फरकाने, गेला तर रेघ उमटते, नाहीतर नाही. त्यात रूट कॅनलमध्ये भरलेलं गटापर्चा एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं आणि मागचं सगळं झाकतं.

मग उपाय काय? चारी बाजूंनी बघायचं. याचं गणित १९१७ मध्येच योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने मांडलं होतं : वस्तूच्या पुरेशा सावल्या मिळाल्या तर आतलं चित्र परत बांधता येतं. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्री हाउन्सफील्डने यंत्र बांधलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. पण दातासाठी ते यंत्र मोठं, महाग आणि डोसही जास्त.

आणि इथे मी, कोड लिहिणारी बाई, खुर्चीत सरळ बसले. १९८४ मध्ये फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी शंकूच्या आकाराच्या किरणांतून थेट त्रिमितीय चित्र बांधायचा अल्गोरिदम छापला. हे तिघे कुठे होते? फोर्ड मोटर कंपनीत! मोटारवाल्यांकडचं गणित दातांच्या दवाखान्यात पोचलं. शंकूसारखा किरण डोक्याभोवती एकदाच फिरतो आणि शेकडो चित्रांतून जबडा उभा राहतो. हीच सीबीसीटी. १९९८ मध्ये इटलीतल्या वेरोनाच्या गटाने असं दातांचं यंत्र जगासमोर मांडलं. त्याच सुमारास जपानच्या निहोन विद्यापीठात योशिनोरी अराई यांनी छोटं यंत्र बनवलं. ते पूर्ण जबडा बघतच नव्हतं. सुमारे ४ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच, एवढाच तुकडा.

रॉलिन्स आठवला? जेवढं बघायचंय तेवढ्यावरच किरण. आणि छोटा भाग घेतला की विखुरलेले किरणही कमी होतात, त्यामुळे चित्र उलट जास्त स्वच्छ येतं.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे दिवसाला साधारण ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट. एका दाताचा डिजिटल एक्स-रे काही मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे जवळपास एका दिवसाचा हिशेब. छोट्या भागाची सीबीसीटी बहुधा काही दहा मायक्रोसिव्हर्ट, यंत्र आणि सेटिंगप्रमाणे कमी-जास्त. पूर्ण चेहऱ्याची घेतली तर शेकड्यांत जाऊ शकते. म्हणून नुसतं "सीबीसीटी करा" एवढं पुरत नाही, "कुठल्या भागाची?" हे विचारायचं.

आईची छोट्या भागाची सीबीसीटी झाली. मला वाटलं होतं, स्क्रीनवर भेग लख्ख दिसेल. नाही दिसली! ताजी भेग चित्राच्या सगळ्यात बारीक ठिपक्यापेक्षाही बारीक असू शकते. वर गटापर्चा आणि धातूमुळे चित्रात काळे-पांढरे पट्टे उठतात, आणि एखादा काळा पट्टा हुबेहूब भेगेसारखा दिसतो. डॉक्टरांनी तसाच एक पट्टा दाखवून सांगितलं, "यावर दाढ काढायची नाही."

त्यांनी दाखवलं ते हाड. मुळाच्या एकाच बाजूला, वरपासून खालपर्यंत, अरुंद पट्टीत हाड झिजलं होतं. हिरडीत मोजपट्टीची सळई घातली, तर नेमकी त्याच जागी खोल जात होती. दोन पुरावे जुळले. तरीही दाढ काढण्याआधी त्यांनी हिरडी थोडी उघडली, निळा रंग लावला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. तिथे होती, केसासारखी निळी रेघ.

दाढ गेली. आईला वाईट वाटलं, पण शंका उरली नाही. डेंटिस्टने ती दाढ डबीत घालून दिली, ती आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. का ठेवलीय, विचारू नका.

कुणाला अशी टेस्ट सांगितली तर घाबरून नाही म्हणू नका आणि सहज हो पण म्हणू नका. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनाही सांगतात की काहीच लक्षण नसताना सरसकट सीबीसीटी करू नये. दोनच प्रश्न विचारा : यातून कुठला निर्णय बदलणार आहे? आणि कमीत कमी किती भागात काम होईल?

तुमच्या घरातल्या दाढांचे किस्से कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत सुपारी जपून फोडा!