अळ्या पाळणारं विद्यापीठ

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं नाव निघालं की लोक वाणांविषयी बोलतात: विजय आणि दिग्विजय हरभरा, फुले २६५ ऊस. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची आणखी एक वाटचाल आहे आणि मला ती तितकीच मोलाची वाटते. ज्यांच्या अळ्या पीक खातात त्या पतंगांशी लढायचं म्हणून इथल्या माणसांना ते पतंगच जपून वाढवायला शिकावं लागलं.

घाटे अळीचंच घ्या. तिला मारणारा एचएएनपीव्ही हा विषाणू शेताला पुरेल इतका हवा, तर तो जिवंत अळीतच वाढवावा लागतो. त्यासाठी हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य शिजवायचं आणि प्रत्येक अळीला स्वतंत्र खण द्यायचा, कारण एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींना खातात. हेक्टरी २५० एलई म्हणजे २५० रोगट अळ्यांचा अर्क. उन्हाने विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात थोडी नीळ घालायची.

विद्यापीठाच्याच पुणे कृषी महाविद्यालयात मित्रकीटकांवर काम चालतं. ट्रायकोकार्डासाठी भरडलेल्या धान्यावर कॉर्सिरा पतंग वाढवतात, त्यांची अंडी अतिनील प्रकाशाखाली ठेवून आतला गर्भ मारतात आणि ती कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी मावतात. मग ट्रायकोग्रामा ही किडींच्या अंड्यांवर वाढणारी चिमुकली माशी त्यांत आपली अंडी घालते. २००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा तो फस्त करणारी डिफा ही अळीही पतंगाचीच निघाली. सगळेच पतंग वैरी नसतात.

खरी परीक्षा कपाशीवर झाली. शेवगाव, पाथर्डी, नेवासा हे राहुरीच्याच जिल्ह्यातले कपाशीचे तालुके. बीटी कपाशी २००२ साली आली. गुलाबी बोंडअळीने तिचं पहिलं विष पचवल्याचं २०१० साली गुजरातेतून जाहीर झालं आणि २०१७ साली महाराष्ट्रात बोंडं किडली. फरदड (हंगाम संपल्यावर राखलेलं पीक) घेऊ नका, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुलं) वेचून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, हे सल्ले आजही खरे आहेत. पण डोमकळ्या वेचत शेतभर फिरणाऱ्या बाईच्या कष्टावर किती भार टाकायचा?

अमेरिकेत बीटी कपाशीच्या जोडीला किरणोत्साराने वांझ केलेले पतंग सोडले गेले. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, म्हणून सापळ्यात ते ओळखू येत. २०१८ साली तिथे गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन जाहीर झालं. मात्र पतंग किरणांना चिवट असतो. पुरता वांझ करायला मात्रा इतकी लागते की नर अशक्त होतो, आणि जंगली नरापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

म्हणून संशोधक आता जननपेशींच्या जनुकांकडे वळले आहेत. पतंगाचा नर दोन प्रकारचे शुक्राणू तयार करतो: एकात केंद्रक असतं, दुसऱ्यात नसतंच. बीज पहिला नेतो, पण दुसऱ्याच्या साथीशिवाय तो अंड्यापर्यंत पोहोचत नाही. रेशीमकिड्यात यामागची काही जनुकं सापडली आहेत. तसं एखादं जनुक बंद केलं, तर नर धडधाकट राहील, जोडीदार शोधेल, पण अंडी फळणार नाहीत. जनुकबदल केलेला कीटक भारतात शेतात सोडायला जीईएसी या केंद्राच्या समितीची मंजुरी लागते आणि ती कसून तपासूनच मिळावी.

पण त्याआधी लाखो पतंग निरोगी वाढवता यायला हवेत, पिढ्यामागून पिढ्या. हे काम त्या खणांच्या ट्रेपाशीच शिकावं लागतं: खाद्य शिजवणं, मेलेली अळी वेळेवर वेगळी काढणं, रविवारीही येऊन कोष मोजणं.