मुंबई घ्यायला आलेला अर्ल

पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, हे आपण शाळेत वाचतो. पण हा हुंडा घ्यायला कोण आलं होतं?

त्याचं नाव जेम्स ले, मार्लबरोचा तिसरा अर्ल. अर्ल म्हणजे पिढीजात सरदार. आजोबा राजाचे खजिनदार होते. १६३८ साली वडील गेले आणि विशीतच सरदारकी याच्याकडे आली. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूने लढला.

लग्नाचा तह जून १६६१चा. सप्टेंबर १६६२मध्ये अर्ल पाच जहाजं घेऊन मुंबईच्या बंदरात शिरला. सोबत अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे शिपाई.

आणि गाडी अडली. तहात मुंबई बेटासोबत त्याच्या 'अखत्यारीतला' मुलूखही लिहिला होता. इंग्रज म्हणाले, म्हणजे ठाणे आणि साष्टीसुद्धा. पोर्तुगीज म्हणाले, फक्त बेट. वर त्यांनी कागदपत्रांतच खोट काढली. ताबा मिळाला नाही.

अर्ल मायदेशी परतला. शिपायांना कुठे परतणार? मोगल बिथरतील म्हणून सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनीही त्यांना उतरू दिलं नाही. शेवटी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्यांनी तळ ठोकला. पाऊस, ताप, निकृष्ट अन्न. एप्रिल १६६४मध्ये शिपमनही गेला. फेब्रुवारी १६६५मध्ये हम्फ्री कुकने पोर्तुगीजांच्या अटींवर मुंबई घेतली, तेव्हा शंभराच्या आसपास शिपाई उरले होते.

त्याच जूनमध्ये डचांशी झालेल्या लोस्टॉफ्टच्या आरमारी लढाईत अर्ल मारला गेला. हिंदुस्थानातली बातमी विलायतेत पोचायला तेव्हा बरेच महिने लागत. ज्या बेटासाठी तो आला, ते मिळाल्याचं त्याला बहुधा कळलंच नसावं.

१६६८ साली राजाने तीच मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. साष्टी मात्र १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकली. इंग्रजांना ती मिळाली १७७४च्या अखेरीस, अर्लच्या मागणीनंतर ११२ वर्षांनी.

आज कळंबोलीकर मानसरोवरहून लोकल पकडून तासा-सव्वा तासात सीएसएमटीला पोचतो. मुंबई कुठे संपते, हा प्रश्न त्याला पडतही नाही. १६६२मध्ये याच प्रश्नावर दोन दरबार हटून बसले होते. कागदावरचा शब्द संदिग्ध राहिला आणि त्याची किंमत अंजदीवच्या तळावरच्या शिपायांनी मोजली. अर्लचं नाव इतिहासात राहिलं. त्या तिघाशे जणांची नावं कुणी विचारत नाही.